मागल्या पानावरची चित्रे

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात कंपू नावाची वस्ती आहे. तिचा इतिहास तिच्या नावातच साठविलेला आहे. महादजी शिंदे यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीकरवी पाश्चात्त्य कवायतीच्या पलटणी उभ्या केल्या. अशा पलटणींच्या समूहास त्या काळच्या मराठीत ‘कंपू’ म्हणत. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपला तळ ठोकला. तळ हा उठण्यासाठीच असतो. पण हा तळ उठला नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजार आले, देवळे आली, आणि त्या वसाहतीचे नावच मुळी लष्कर पडले. फौजेचा कंपू काळाबरोबर गेला, नाव तेवढे मागे राहिले. आज त्या भागात कमलाराजा कन्या महाविद्यालय आहे, सशस्त्र दलाचे मैदान आहे. मराठी भाषेतही या शब्दाचे तेज उतरत गेले आणि ‘कंपू’ म्हणजे सवंगड्यांचे टोळके एवढाच अर्थ उरला.

अशा टोळक्यांचाच एक इतिहास येथे सांगावयाचा आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ ही चित्रमालिका दाखविली जाऊ लागली. लांडग्यांनी वाढविलेला मोगली, अस्वल भालू, काळा बिबळ्या बघीरा आणि लंगडा वाघ शेरखान यांनी देशभरातील मुलांचे रविवार व्यापून टाकले. कंपूतील मराठी घरेही त्याला अपवाद नव्हती. ज्या घरी संच असेल त्या घरी शेजारची मुले जमत. अर्ध्या तासाने मोगली अंतर्धान पावे, आणि मग पुढचा रविवार येईपर्यंत त्याचे दर्शन घडविण्याचा कोणताही उपाय मुलांच्या हाती नसे. उपाय एकच होता. शाळेची वही मागून उघडावयाची, आणि शेवटच्या पानावर, जेथे गुरुजींची दृष्टी सहसा पोहोचत नाही, तेथे मोगली स्वतःच काढावयाचा.

हा उद्योग घरोघरी चाले, पण त्याला प्रतिष्ठा नव्हती. अभ्यासाच्या वहीची पाने नासली म्हणून आई रागावे. आजोबांना चित्राचे कौतुक असले, तरी मोगलीपेक्षा गणपती काढला असता तर त्यांना अधिक आवडले असते. चित्रकलेच्या शिक्षकांचा आक्षेप अधिक गंभीर होता. ही नक्कल आहे, असे त्यांचे म्हणणे. निसर्ग पाहून चित्र काढावे, वस्तू समोर ठेवून काढावे, मनाने संकल्पचित्र रचावे. परंतु दुसऱ्याने काढलेले चित्र पाहून तेच पुन्हा काढण्यात कला कोठे आली? हा आक्षेप वरवर पाहता निरुत्तर करणारा वाटतो. त्याचे उत्तर शोधावयाचे तर हलत्या चित्रांचा आपल्याकडील इतिहास थोडा मागून पाहिला पाहिजे.

चित्राला गती द्यावी ही ओढ मराठी प्रदेशात चित्रपटाहून जुनी आहे. सावंतवाडीजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या पोथ्या घेऊन बसतात. एकेक चित्र समोर धरून कथा गातात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती स्थिर चित्रे चालू लागतात. १८९० नंतरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आणि त्यांच्या मुलांनी याच्या पुढची पायरी गाठली. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडून, आणि पट्ट्या युक्तीने सरकवून, त्यांनी चित्रांतील माणसांना हालचाल दिली. या खेळाला त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले होते.

त्यानंतर दादासाहेब फाळके आले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन टिपली, आणि महिन्याभराची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखविली. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगपेटीतील काड्यांनाच नाचावयास लावले. ज्याला आज ॲनिमेशन म्हणतात, त्याचे तत्त्व हेच होय. सजीव नसलेली वस्तू किंवा कागदावरची रेषा किंचित हलवावयाची, तिचे चित्र घ्यावयाचे, पुन्हा किंचित हलवावयाची. चित्रपटात एका सेकंदास चोवीस चित्रे लागतात. म्हणजे एका मिनिटाच्या हालचालीमागे १,४४० चित्रे उभी असतात.

फाळक्यांनंतर प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली ‘जंबूकाका’ हा रेखाचित्रपट काढला. स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या सुमारास, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तेथील तरुणांना शिकविण्यासाठी डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स हे अमेरिकन चित्रकार आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जातककथेवर आधारलेला ‘द बॅनियन डिअर’ हा चित्रपट १९५७ साली पुरा झाला. त्या विभागात घडलेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरले. मुख्य चित्रपटापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट दाखविणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. त्यामुळे लहान गावांतील प्रेक्षकांपुढेही अधूनमधून हलती रेखाचित्रे येत.

दूरदर्शनने ही चित्रे घरात आणली. १९७४ साली विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट तयार केला. त्याचे रेखाटन आणि सचेतन भीमसेन यांचे. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासह उडून जातात ही आपली जुनीच गोष्ट. दूरदर्शनने ती वर्षानुवर्षे दाखविली, आणि एका पिढीच्या मनावर ती कायमची उमटली. त्यातील रेषा इतक्या साध्या होत्या की, ज्याला पक्षी काढता येत नाही अशा मुलालाही ते पक्षी काढता येत. मुलांच्या वहीत हलत्या चित्रांनी शिरकाव केला तो असा, मोगलीच्या पुष्कळ आधी.

मोगलीचा प्रवास तर याहूनही विलक्षण आहे. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या आवारात झाला. त्यांचे वडील लॉकवुड किपलिंग तेथे शिल्पकला शिकवीत. वीस वर्षांनी, १८८५ साली, याच कलाशाळेत धुंडिराज गोविंद फाळके नावाचा त्र्यंबकेश्वरचा तरुण विद्यार्थी म्हणून दाखल झाला. किपलिंग यांनी आपली कथा मध्य प्रांतातील सिवनीच्या डोंगरात आणि वैनगंगेच्या काठी घडविली, पण ती लिहिली अमेरिकेतील व्हरमाँट येथे. १८९४ साली पुस्तक निघाले. १९६७ साली डिस्नेने त्यावर चित्रपट काढला, आणि १९८९ साली जपानमधील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने बावन्न भागांची मालिका केली. दूरदर्शनवर आली ती ही जपानी मालिका. तिचे हिंदी शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाज यांनी दिले, आणि शेरखानला आवाज दिला नाना पाटेकर यांनी. तेही मुंबईच्या त्याच परिसरातील उपयोजित कला संस्थेचे विद्यार्थी. अशा रीतीने सिवनीच्या रानातला मुलगा अमेरिका आणि जपान फिरून, मुंबईत बोलका होऊन, मध्य प्रदेशातच परत आला आणि कंपूतल्या मुलांच्या वहीत उतरला.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. ही नक्कल होती काय? नक्कल करावयास नमुना समोर असावा लागतो. या मुलांसमोर नमुना नव्हता. व्हिडिओ यंत्र फार थोड्या घरी होते. वृत्तपत्रात मोगलीचे चित्र क्वचित सापडे. पडद्यावरचा मोगली क्षणभरही स्थिर राहत नसे. तो धावत असे, वेलीला लोंबकळत असे, लांडग्यांशी झुंजत असे. सेकंदागणिक पालटणाऱ्या त्या चित्रांतून मुलाला एक चित्र मनात पकडावे लागे, आणि संच बंद झाल्यावर ते कागदावर आणावे लागे. महाराष्ट्रातील शाळांत चित्रकलेच्या ज्या शासकीय परीक्षा होतात, त्यांत ‘स्मरणचित्र’ नावाचा एक विषय बराच काळ होता. पाहिलेला प्रसंग आठवून काढणे ही चित्रकाराची एक कसोटी मानली गेली होती. मागल्या पानावरचा मोगली हे नेमके स्मरणचित्र होते. शिक्षक ज्याला नक्कल म्हणत होते, तो त्यांच्याच विषयाचा मनापासून केलेला अभ्यास होता.

ग्वाल्हेरला तर ही गोष्ट नवी वाटू नये. या शहराची गायकी ज्या हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंच्या नावाने ओळखली जाते, त्यांच्याविषयी एक आख्यायिका संगीतज्ञांत प्रसिद्ध आहे. शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ गात असत. त्यांची तान अपूर्व होती, आणि ती ते सहजासहजी कोणास देणारे नव्हते. तेव्हा या दोघा बंधूंना पडद्याआड बसवून ते गाणे कित्येक महिने ऐकविण्यात आले, आणि एके दिवशी त्यांनी तीच गायकी भर दरबारात गाऊन दाखविली. आख्यायिकेतील तपशील बाजूस ठेवले, तरी तिचे मर्म खरे आहे. ध्वनिमुद्रण नव्हते त्या काळी ऐकलेले गाणे टिकविण्याचे स्थान एकच होते, ते म्हणजे ऐकणाऱ्याचे चित्त. पडद्याआडून उचललेली ती तान पुढे हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आणि त्यांच्याकडून महाराष्ट्रभर गेली. तिला चोरी कोणी म्हणत नाही. तिला घराणे म्हणतात. प्रत्येक कंठातून जाताना ती थोडी बदलली, आणि त्या बदलातच तिचे आयुष्य वाढले.

चित्रकलेतही असे दाखले आहेत. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन तरुणपणी काकांच्या दुकानावर बसत. प्रभातच्या १९३३ सालच्या ‘सिंहगड’ या चित्रपटाची जाहिरात रस्त्याने जाताना त्यांनी पाहिली, आणि आपणही तैलरंगात चित्र काढावे या ऊर्मीने शाळेची पुस्तके विकून रंग आणले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. ‘सिंहगड’ हा रेखाचित्रपट नव्हे. पण चित्रपट पाहून हात शिवशिवणे ही गोष्ट एकच होय. पुढे त्यांनी मुंबईत पोट भरले तेही चित्रपटांचे फलक रंगवून.

जपानचे ओसामु तेझुका यांचे उदाहरण या विषयाला अधिकच लागू पडते. त्यांचा जन्म १९२८ चा. त्यांच्या वडिलांकडे घरगुती प्रक्षेपण यंत्र होते, आणि त्यावर लहानग्या ओसामुने डिस्नेची चित्रे पाहिली. पुढे ‘बँबी’ हा डिस्नेचा चित्रपट १९५१ साली जपानात आला, तेव्हा त्यांनी तो ऐंशीहून अधिक वेळा पाहिला असे सांगतात. एवढ्या वेळा पाहण्याचे कारण केवळ आवड हे नव्हे. चित्रपट घरी नेता येत नव्हता. तो डोळ्यांत भरून न्यावा लागे. हाच तरुण पुढे जपानी चित्रकथा आणि ॲनिमेशन यांचा आधारस्तंभ झाला. त्यांनी शाळकरी वयात काढलेल्या किड्यांच्या चित्रांच्या वह्या जपून ठेवल्या गेल्या, आणि पुढे त्या अभ्यासकांना पाहावयास मिळाल्या. तेथे बालपणीची वही हा दस्तऐवज ठरला.

आपल्याकडे तसे झाले नाही. येथे खरी हानी आहे, आणि ती केवळ भावनेची नाही. इतिहासाच्या दृष्टीने या वह्या म्हणजे उत्तम साधने होती. एक उदाहरण पाहा. किपलिंगच्या पुस्तकातील मोगलीजवळ सुरा आहे. डिस्नेच्या मोगलीच्या हातात शस्त्र म्हणून काही नाही. जपानी मालिकेतील मोगली मात्र बूमरँग फेकतो. तेव्हा एखाद्या जुन्या वहीत बूमरँग घेतलेला मोगली सापडला, तर ते चित्र कशावरून काढले हे निश्चयाने सांगता येते. नाण्यावरील छाप पाहून राज्य ओळखावे तसेच हे आहे.

रंगांचा पुरावा याहून बोलका आहे. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले, तरी मध्यमवर्गीय घरांतील कृष्णधवल संच त्यानंतरही वर्षानुवर्षे चालत राहिले. अशा घरातील मुलाने मोगलीची लंगोटी निळी वा हिरवी रंगविली असेल, तर ती चूक नव्हे. त्याने रंग पाहिलाच नव्हता. तो त्याने दिला. पेटीत जी खडूची कांडी शिल्लक होती, तिने मोगलीचे वस्त्र ठरविले. शेजारच्या घरी रंगीत संच आल्यावर त्याच मुलाच्या वहीतील मोगली एकाएकी तांबडी लंगोटी नेसू लागला, तर त्या दोन पानांच्या मधे एका वस्तीचा आर्थिक इतिहास दडलेला असतो. कोणत्या घरी काय आले, कोण कोणाकडे जाऊन बसत असे, कोणास दारातूनच पाहावे लागे, याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. असलीच तर ती या वह्यांत होती.

आणखी एक गोष्ट त्या वह्यांत दिसे. हलणारे चित्र स्थिर कागदावर कसे आणावे हा प्रश्न प्रत्येक मुलाने आपापल्या परीने सोडविला होता. कोणी धावणाऱ्या लांडग्याला सहा पाय काढी, कोणी मागे वाऱ्याच्या रेघा ओढी. एखादा हुशार मुलगा वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर थोडा थोडा पुढे सरकलेला उंदीर काढी, आणि अंगठ्याने पाने फडफडवून तो पळविल्याचे मित्रांना दाखवी. फाळक्यांनी आगकाड्यांकडून जे करविले, तेच हा मुलगा शिसपेन्सिलीने करीत होता. त्याने फाळक्यांचे नावही ऐकलेले नसेल.

पुढे काळ बदलला. उपग्रह वाहिन्यांवर दिवसभर चित्रमालिका दिसू लागल्या, तबकड्या आल्या, आणि आता तर प्रत्येक चित्र हातातल्या पडद्यावर हवे तेव्हा थांबविता येते. आजचे मूल चित्र थांबवून, समोर ठेवून, निवांतपणे उतरविते. त्याची रेषा पूर्वीच्या मुलांहून पुष्कळदा अधिक सफाईदार असते, आणि त्यात खंत करण्यासारखे काही नाही. त्याची कला निराळी आहे. परंतु निसटून जाणारे रूप धरून ठेवण्याची जी गरज १९९३ च्या मुलाला होती, ती त्याला नाही. त्या गरजेतून निर्माण झालेल्या चित्रांची परंपरा म्हणूनच संपली, आणि संपलेल्या परंपरेचे अवशेष जपणे हे इतिहासाचे पहिले कर्तव्य होय.

ते कर्तव्य पार पाडणे मात्र सोपे राहिलेले नाही. दर उन्हाळ्यात, निकाल लागला की, वर्षभराच्या वह्या तराजूत पडत. कोरी पाने फाडून त्यांची नवी वही शिवली जाई, आणि लिहिलेला भाग रद्दीत जाई. मागल्या पानावर चित्र असलेले पान कोरे नव्हते, म्हणून ते वाचले नाही. लष्करातील कबाड्याने त्या वह्या किलोच्या भावाने नेल्या आणि त्यांच्या पुड्या झाल्या. शिंदे घराण्याची पत्रे आणि फर्दी जपल्या गेल्या, म्हणून कंपूंच्या हालचाली आज ठाऊक आहेत. मुलांच्या कंपूची दप्तरे मात्र त्यांच्याच घरच्यांनी, काही वाईट करीत आहोत अशी पुसट शंकाही न येता, वजनावर विकली.

तथापि सर्वच गेले असे मानण्याचे कारण नाही. घराघरांत एखादी पत्र्याची पेटी माळ्यावर असते. तीत जुन्या प्रगतिपुस्तकांबरोबर, लग्नपत्रिकांबरोबर, एखादी वही आईने कशी कोण जाणे ठेवून दिलेली असते. रागावणारी आईच पुष्कळदा ठेवणारीही असते. अशी वही सापडली तर ती मागून उघडावी. चित्र कोणी काढले, कोणत्या साली, ते कोणाच्या घरी पाहिले होते, एवढे पेन्सिलीने पाठीवर लिहून ठेवावे. ज्याने ते काढले तो आता चाळिशीच्या पुढे गेला असेल, आणि विचारले तर सांगू शकेल. आणखी तीस वर्षांनी सांगणारे कोणी राहणार नाही.

दौलतरावांचा तळ थोड्या दिवसांसाठी म्हणून पडला होता, आणि त्याचे शहर झाले. मागल्या पानावरचा मोगलीही एका रविवारपासून पुढल्या रविवारपर्यंत पुरावा एवढ्याचसाठी काढलेला होता. तो टिकावा अशी त्या मुलाची अपेक्षा नव्हती. पण जे टिकण्यासाठी केलेले नसते, त्यातच माणसे आपला खरा काळ पुष्कळदा मागे ठेवून जातात.